घोडा कोणासाठी धावतो?

घोड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला की आपल्या बहुतेक घरांत एकच शब्द उच्चारला जातो : हराम. त्या एका शब्दाने चर्चा संपते आणि प्रत्येक जण आपापल्या कामाला लागतो. शर्यतीवर पैसे लावण्यापुरता हा निकाल अगदी योग्य आहे. परंतु वाचकहो, एखाद्या शर्यतीत पैसे लावलेलेच नसतील, तर तिच्याविषयी इस्लामला काही सांगायचे उरते की नाही? ज्याने जातिवंत घोडा पैदास केला, वाढवला आणि मैदानात उतरवला, त्याच्याकडून अल्लाह कशाचा हिशेब घेईल? आणि ज्याच्या पाठीवर हा सारा व्यवहार उभा आहे, त्या मुक्या जीवाचे काही हक्क आहेत की नाहीत?

या प्रश्नांचे उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. घोडा आणि घोडदौड यांच्याकडे इस्लामने कधीही तुच्छतेने पाहिले नाही. दिव्य कुरआनने घोडे, खेचरे व गाढवे ही मानवाला स्वारीसाठी आणि शोभेसाठी दिलेली देणगी असल्याचे सांगितले आहे (सूरह अन-नहल : ८). येथे उपयोगाबरोबर शोभेचाही उल्लेख आहे. देखण्या घोड्याकडे पाहून मन प्रसन्न होणे यात काही वावगे नाही, हे यावरून कळते. घोड्यांच्या कपाळावरील केसांशी कयामतपर्यंत भलाई बांधली गेली आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. एकदा ते आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसताना दिसले. विचारले असता, घोड्यांच्या बाबतीत आपल्याला रात्री ताकीद मिळाली आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये ही हदीस आहे. मोतद्दारावर सोपवून मोकळे होता येईल असे हे काम नव्हते.

प्रेषितांनी (स.) स्वतः मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. सहीह बुखारीतील हदीसनुसार, तयार केलेले, अंगाने कसलेले घोडे हफया या ठिकाणापासून सनिय्यतुल-वदापर्यंत धावत. हे अंतर पाच ते सहा मैल होते. ज्या घोड्यांना अशी तयारी दिलेली नव्हती, त्यांच्यासाठी सनिय्यतुल-वदापासून बनू जुरैक यांच्या मशिदीपर्यंतचे सुमारे एक मैलाचे अंतर ठरवले होते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) या शर्यतीत भाग घेणाऱ्यांपैकी होते. या दोन अंतरांकडे नीट पाहा. ज्या जीवाची जेवढी तयारी, तेवढेच त्याच्याकडून अपेक्षिले गेले. मैदान माणसाच्या हौसेने मोजले गेले नाही, ते घोड्याच्या कुवतीने मोजले गेले.

म्हणजे शर्यत मुळात पाप नाही. मग ती केव्हा पाप होते?

पहिले उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कुरआनने मद्य आणि जुगार यांना सैतानी कृत्यांतील घाण म्हटले आहे, आणि त्यांच्या द्वारे सैतान माणसामाणसांत वैर पेरतो व नमाजपासून रोखतो, असे त्याचे कारणही दिले आहे (सूरह अल-माइदा : ९०-९१). आपल्या देशात या बाबतीत एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे रेसकोर्सवर पैसे लावणे कायद्याच्या दृष्टीने जुगार ठरत नाही. मुंबईच्या महालक्ष्मीला व पुण्याला परवाना असलेल्या मैदानावर जाणारा तरुण म्हणतो, "मी घोड्याची वंशावळ पाहतो, जॉकी पाहतो, मागच्या शर्यतींच्या वेळा पाहतो. यात नशीब कोठे आले?" देशाच्या कायद्याचा आपण आदर करतो, पण कायद्याने ज्याला शिक्षा दिली नाही ते सारे हलाल होत नाही. शरीअतमध्ये कसोटी वेगळी आहे. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्यातूनच यावा आणि मोबदल्यात कोणी काहीही निर्माण केलेले नसावे, हे जुगाराचे स्वरूप आहे. अंदाज बांधण्यात माणूस कितीही निष्णात असला, तरी हे स्वरूप बदलत नाही.

बक्षिसाबाबत धर्मशास्त्राने मोठी बारकाई दाखवली आहे. बक्षीस ठेवून स्पर्धा लावण्याची मुभा हदीसमध्ये उंट, घोडा आणि तिरंदाजी यांना आहे. शासनकर्त्याने किंवा एखाद्या त्रयस्थाने बक्षीस दिले, अथवा दोन स्पर्धकांपैकी एकानेच ते जाहीर केले, तर फुकहांच्या मते ते वैध आहे. मात्र प्रत्येक स्पर्धकाने पैसे टाकावेत आणि जिंकणाऱ्याने सगळे उचलावेत, हे जुगाराच्या कक्षेत येते. त्यातून वाट काढण्यासाठी, स्वतः काहीही न लावणारा तिसरा स्पर्धक असावा, अशी अट अनेकांनी घातली. आजच्या कित्येक मोठ्या शर्यतींत घोड्यांच्या मालकांनी भरलेले प्रवेशशुल्क बक्षिसाच्या रकमेत मिसळले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ खिडकीवर तिकीट घेणाऱ्याचा नाही, तो मालकाचाही आहे.

"पण या धंद्यावर हजारो कुटुंबे जगतात," असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. मोतद्दार, नालबंद, चंदी-गवत पुरवणारे, पशुवैद्य, जॉकी अशा कितीतरी लोकांची चूल त्यावर पेटते. कुरआन या लाभाकडे डोळेझाक करत नाही. मद्य व जुगार यांत लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण त्यांतील पाप फायद्यापेक्षा मोठे आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले आहे (सूरह अल-बकरा : २१९). फायदा मान्य करूनही निषेध करणे, हा कुरआनचा न्याय आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. हा प्रश्न पैदाशीचा आहे.

आज जगभर शर्यतीत धावणाऱ्या 'थरोब्रेड' घोड्यांची नरवंशाची परंपरा तीन घोड्यांपर्यंत पोहोचते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे घोडे इंग्लंडला पोहोचले. तिन्ही पूर्वेकडील रक्ताचे होते. त्यांपैकी डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातील हलब शहरातून गेला. नावे मात्र त्यांना त्यांच्या इंग्रज मालकांची मिळाली. आजच्या थरोब्रेड नरांपैकी सुमारे ९५ टक्के या एका डार्ली अरेबियनच्या नरवंशातील आहेत. १७९१ पासून या घोड्यांच्या वंशावळींची नोंदवही छापली जाऊ लागली, आणि तीत ज्याच्या आईबापांची नोंद नाही त्याला या जातीत स्थान नाही. आपल्या मुंबईचाही या इतिहासाशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात बसरा व आखाती बंदरांतून अरबी घोडे मुंबईत येत आणि अरब व्यापारी ते येथे विकत. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान सुरू होण्यापूर्वी शर्यती भायखळ्याला होत असत.

वंशावळ जपण्याची विद्या अरबांनाही अवगत होती आणि तिच्यात दोष नाही. दोष आहे तो वंशाचा बाजार मांडण्यात. थरोब्रेडच्या नियमांत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही, म्हणून घोडीला वळू घोड्याकडेच न्यावे लागते आणि त्या एका भेटीची किंमत मोजावी लागते. नॉर्दर्न डान्सर या विख्यात घोड्यासाठी १९८० च्या दशकात ही रक्कम दहा लाख डॉलरपर्यंत गेली होती. चौदाशे वर्षांपूर्वी प्रेषितांनी (स.) नराच्या संयोगाचा मोबदला घेण्यास मनाई केली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. हनफी, शाफई व हंबली परंपरेतील बहुसंख्य विद्वानांनी त्यावरून हे भाडे अवैध ठरवले आहे. मालिकी परंपरेत ठरावीक मुदतीसाठी किंवा ठरावीक वेळांसाठी त्याची सवलत आढळते. खुशीने दिलेली भेट स्वीकारण्यास मात्र हदीसनेच परवानगी दिली आहे. शिवाय सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये उंटांचे हक्क कोणते असे विचारले असता, नर इतरांना वापरण्यास देणे याचाही त्यांत समावेश केला आहे.

यामागील शहाणपण पाहा. गर्भ राहील की नाही, शिंगरू जगेल की नाही, हे मालकाच्या हातात नाही. जी गोष्ट अल्लाहच्या आज्ञेने घडते तिची पावती आपण कशी फाडावी? अशी देणगी शेजाऱ्याला उसनी द्यावी आणि जनावरांची संतती वाढू द्यावी, अशी ही शिकवण आहे. जिथे एका घोड्याचे बीज लाखो डॉलरला विकले जाते, तिथे साहजिकच सगळे त्याच घोड्याकडे धाव घेतात. मग रक्त अरुंद होत जाते, आणि आजच्या थरोब्रेडच्या बाबतीत शास्त्रज्ञांची चिंता हीच आहे.

तिसरा प्रश्न निगेचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण आहे. शर्यतीच्या घोड्याची बडदास्त पाहून कोणालाही वाटेल की याच्याइतके सुखी जनावर नसेल. उत्तम चंदी, रोजचा खरारा, बेताचे नाल, दाराशी पशुवैद्य. पण ही निगा घोड्याची आहे की विजयाची? मोकळा घोडा दिवसातील बहुतांश वेळ चरत असतो. शर्यतीचा घोडा मात्र दिवसातील बराच काळ तबेल्याच्या एका खणात उभा असतो आणि त्याला कसदार दाणा थोड्या थोड्या वेळीच मिळतो. अशा घोड्यांपैकी बहुसंख्यांच्या जठरात व्रण आढळतात, हे पशुवैद्यांना ठाऊक आहे. सुमारे पाचशे किलोचा हा जीव भरधाव असताना पुढच्या एका पायावर क्षणभर आपल्या वजनाच्या अडीच पट भार घेतो. अनेक देशांत तो दोन वर्षांचा होताच शर्यतीत उतरतो. घोड्याच्या कण्याची वाढ मात्र पाच वर्षांच्या पुढेपर्यंत चालू असते. त्यातही उत्तर गोलार्धात प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जन्मलेले शिंगरू कागदावर मोठे आणि हाडाने लहान असते. कोवळ्या वयातील मोजका व्यायाम हाडे बळकट करतो, हेही संशोधनातून दिसले आहे. प्रश्न हा की, व्यायाम घोड्याच्या हाडांकडे पाहून ठरतो की स्पर्धेच्या तारखेकडे पाहून? हफया आणि बनू जुरैक यांची दोन अंतरे येथे आपल्याला आठवली पाहिजेत.

हदीसमध्ये शर्यतीच्या संदर्भात 'जलब' व 'जनब' यांना मनाई आहे. विद्वानांनी त्याचा अर्थ असा केला आहे की, घोड्यामागे माणूस लावून आरडाओरड करीत त्याला पिटाळू नये, आणि तो थकल्यावर बदलण्यासाठी दुसरा घोडा शेजारून धावता ठेवू नये. जनावराच्या तोंडावर डाग देणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला. घोड्याची आयाळ, शेपूट व कपाळावरील केस कापू नयेत, असेही त्यांनी सांगितले, कारण शेपटीने तो माश्या वारतो आणि आयाळ त्याला ऊब देते. पोट पाठीला लागलेला एक उंट पाहून, या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगा, अशी ताकीद त्यांनी दिली. घोड्याच्या शेपटीच्या उपयोगापर्यंत ज्या धर्माची नजर पोहोचते, त्या धर्माच्या अनुयायाला "मी पैसे लावले नव्हते" एवढे उत्तर पुरेल काय?

निगेची खरी परीक्षा घोडा हरू लागतो त्या दिवशी होते. थरोब्रेड पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतो, पण त्याची शर्यतीची कारकीर्द बहुधा थोड्याच वर्षांत संपते. १९८६ साली अमेरिकेतील केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनंड पुढे पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तेथे तो फारसा उपयोगी ठरला नाही, आणि २००२ मध्ये त्याची रवानगी कत्तलखान्यात झाल्याचे वृत्त आले, तेव्हा जगभर हळहळ व्यक्त झाली. आपल्या महाराष्ट्रात एक वेगळी वाटही निघाली. पुण्याजवळच्या एका मोठ्या स्टड फार्ममधून निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तापासून औषधी रक्तद्रव तयार होई. त्याच अनुभवातून १९६६ साली पुण्यात लसनिर्मितीची एक मोठी संस्था उभी राहिली. ज्या जीवाची धाव संपली, त्याच्यापासून माणसांचे प्राण वाचावेत, ही अल्लाहची कृपाच म्हटली पाहिजे. तरीही त्या घोड्याचे अन्न, आराम व वेदना यांची जबाबदारी माणसावर राहतेच. उपयोग बदलला म्हणून अमानत संपत नाही.

चौथा प्रश्न मनाचा आहे. दुबईची प्रसिद्ध विश्वचषक शर्यत १९९६ पासून भरते. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणातील व मराठवाड्यातील अनेक बांधवांनी ती पाहिलीही असेल. एक कोटी वीस लाख डॉलर बक्षिसाची ही शर्यत सट्ट्याच्या खिडक्यांशिवाय उभी राहिली, ही गोष्ट मोलाची आहे. सट्ट्याविना घोडदौड शक्य नाही, हा दावा तिने खोटा ठरवला. अर्थात इतर देशांत याच शर्यतीवर पैसे लावले जातात. परंतु सट्टा वगळला म्हणजे सगळे शुद्ध झाले, असे मात्र प्रेषितांनी (स.) शिकवलेले नाही.

घोड्यांविषयीच्या प्रसिद्ध हदीसमध्ये त्यांनी घोडे तीन प्रकारचे सांगितले. एकासाठी घोडा पुण्य आहे : ज्याने तो अल्लाहच्या मार्गात पाळला, त्याच्या घोड्याने खाल्लेले गवत, टाकलेले पाऊल, इतकेच काय, धन्याने ठरवलेले नसताना ओढ्यावर प्यालेले पाणीही त्याच्या खाती जमा होते. दुसऱ्यासाठी घोडा आधार आहे : कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून ज्याने तो पाळला आणि त्याच्या मानेवर व पाठीवर असलेला अल्लाहचा हक्क जो विसरला नाही. तिसऱ्यासाठी घोडा ओझे आहे : ज्याने तो गर्वासाठी, दिखाव्यासाठी आणि मुस्लिमांशी वैरासाठी पाळला. लक्षात घ्या, या तिसऱ्या प्रकारात पैसे लावल्याचा उल्लेखच नाही. घोडा तोच, तबेला तोच, चंदीही तीच. बदलली आहे ती फक्त नियत.

कोणाची नियत कशी आहे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो हिशेब अल्लाहपाशी आहे. पण स्वतःची नियत ओळखण्याची एक खूण सुन्नतमध्ये सापडते. प्रेषितांची (स.) 'अदबा' नावाची सांडणी कधी हरत नसे. एके दिवशी एका ग्रामीण अरबाचा उंट तिच्या पुढे गेला आणि सहाबांना (रजि.) वाईट वाटले. तेव्हा त्यांनी समजावले की, जगात जे काही उंचावते त्याला अल्लाह खाली आणतोच, हा त्याचा नियमच आहे. हार पत्करून ज्याचे मन असे शांत राहते, त्याच्यासाठी शर्यत खेळच राहिली. हरल्यावर जो घोड्यावर, जॉकीवर आणि नशिबावर चिडतो, त्याने घोड्याच्या पाठीवर स्वतःचा अहंकार लादला होता. हजरत सुलैमान (अलै.) यांच्यासमोर सायंकाळी उमदे घोडे आणले गेल्याचा प्रसंग सूरह सादमध्ये आहे. त्या आयतींचा अर्थ भाष्यकारांनी वेगवेगळ्या प्रकारे लावला आहे. काहींच्या मते स्मरणात अंतर पडल्यामुळे त्यांनी ते घोडे अल्लाहच्या मार्गात कुर्बान केले, तर काहींच्या मते त्यांनी प्रेमाने त्यांच्या पायांवरून व मानेवरून हात फिरवला. दोन्ही अर्थांत घोडा रबच्या स्मरणाहून मोठा होत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात शर्यतीचा घोडा असेल. म्हणून हा विषय आपला नाही, असे समजू नका. माथेरानच्या लाल मातीत पर्यटकांना फिरवून लेकरांचे पोट भरणारा घोडेवाला कदाचित त्या दुसऱ्या, आधाराच्या प्रकारात मोडत असेल आणि कोट्यधीश मालकाहून अल्लाहपाशी श्रेष्ठ असेल. पण घोड्याच्या पाठीवरच्या जखमेवर तो खोगीर कसत असेल, तर त्यालाही उत्तर द्यावे लागेल. लग्नाच्या वरातीत डीजेच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, फटाक्यांच्या धुरात आपण जो घोडा तासन्‌तास उभा करतो, त्याचा हिशेब नवरदेवाच्या घरच्यांकडे आहे. बकरी ईदला वजनाची आणि किमतीची चर्चा करीत गल्लीतून मिरवला जाणारा बोकड आपल्यासाठी कुर्बानी आहे की दिखावा, हेही स्वतःला विचारले पाहिजे. घोड्यांविषयीच्या त्याच हदीसमध्ये पुढे गाढवांबद्दल विचारणा झाली, तेव्हा प्रेषितांनी (स.) कणभर भलाई आणि कणभर बुराई दोन्ही पाहावी लागतील, या अर्थाच्या सर्वसमावेशक आयतीकडे बोट दाखवले. म्हणजे प्रत्येक जनावर त्या हिशेबात आले. आणि मोबाइलवर 'फक्त दहा रुपये' लावणारा मुलगा घरात असेल, तर त्याला केवळ दटावू नका. मदीनेतील त्या शर्यतीबद्दल सांगा, म्हणजे आपला धर्म खेळाच्या विरोधात नाही, हे त्याला कळेल.

सूरह अल-आदियातमध्ये अल्लाहने धापा टाकीत धावणाऱ्या, टापांनी ठिणग्या उडवणाऱ्या, पहाटे धुळीचे लोट उठवत शत्रूच्या गर्दीत शिरणाऱ्या घोड्यांची शपथ घेतली आहे, आणि शपथेनंतर सांगितले आहे की, मानव आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे, तो स्वतःच त्याचा साक्षी आहे, आणि संपत्तीच्या प्रेमात तो बेभान आहे. भाष्यकारांनी यातील संबंध उलगडून दाखवला आहे. मूठभर चंदी देणाऱ्या धन्याच्या एका इशाऱ्यावर घोडा आपला जीव धोक्यात घालतो. माणसाला तर ज्याने जीव दिला, अन्न दिले, घोडाही दिला, त्याच्याच हाकेला तो पाठ फिरवतो.

घोडा आपल्या धन्यासाठी धावतो. त्याला बक्षिसाची रक्कम ठाऊक नसते, वंशावळीचा गर्व नसतो, खिडकीवर कोणी किती लावले हे कळत नसते. त्याने आपले काम चोख केलेले असते. त्याच्या धावेतून भलाई निघाली की ओझे निघाले, हे त्याच्या धन्यावर अवलंबून आहे. घोडामैदान दूर नाही. ज्या दिवशी कबरींतील सारे बाहेर काढले जाईल आणि मनांतील सारे उघड केले जाईल, त्या दिवसापूर्वी प्रत्येकाने आपल्या ताब्यातील मुक्या जीवांकडे आणि आपल्या मनाकडे एकदा नीट पाहून घ्यावे. अल्लाह आपल्याला त्याची सद्बुद्धी देवो. आमीन.